"नॉन-ॲक्सिडेंट आहे हो साहेब!"

बेळगावात जुनी गाडी बघायला जावा, पहिलं वाक्य ठरलेलं: "सिंगल ओनर, नॉन-ॲक्सिडेंट, बघा की साहेब!" मग बॉनेटच्या बोल्टांवर पान्याचे ओरखडे कुठून आले? एका दाराला लोहचुंबक चिकटतं, शेजारच्यावरून घसरतं. आत पुट्टी भरलीय दुसरं काय! पुढची काच वेगळ्या सालाची. विचारलं की "दगड लागला होता हो." खानापूर रोडला लागतही असेल, पण दगडानं आतला ॲप्रन, म्हणजे बॉनेटखालचा चाकावरचा पत्रा, वाकतो होय?

डोकं फिरतं ते एअरबॅगच्या दिव्यावरून. चावी फिरवल्यावर तो पेटून विझायला हवा. इथं पेटतच नाही! फुटलेली एअरबॅग बदललीच नाही, दिवाच बंद करून टाकला. अरे, आत कुणाची तरी पोरं बसणार आहेत!

ठोकलेली गाडी विकू नका असं कोण म्हणतंय? सांगून विका, भाव कमी करा.

आणि गाडी एमएच-०९, म्हणजे कोल्हापूर पासिंगची असली की तिथली एनओसी, इथला कर्नाटकाचा टॅक्स, सगळं आमच्याच गळ्यात. वर विम्याची जुनी पॉलिसी मागितली तर "घरी राहिली." त्यात नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याची सूट, शून्य दिसेल म्हणूनच राहिली की ती!