शंभर ह्वानला आईचा एक दिवस

'व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरिन्स' ही कोरियन मालिका पाहून रडलो, अशा पोस्टी मी 2025च्या मार्चपासून वाचतेय. रडले मीही, भरपूर रडले. पण त्या पोस्टींमध्ये एक शब्दप्रयोग हटकून येतो, 'आईच्या त्यागाची गाथा', आणि तिथे माझं बिनसतं. त्याग म्हटलं की आपण हात जोडून मोकळे होतो. आई महान, विषय संपला. ही मालिका इतक्या स्वस्तात कोणाला सोडत नाही, म्हणून ही लांबलचक पोस्ट. (पाहिली नसेल तर इथेच थांबा, पुढे मी सगळं फोडणार आहे.)

सोळा भाग, दर शुक्रवारी चार-चार, वसंतापासून हिवाळ्यापर्यंत चार ऋतूंमध्ये वाटलेले. लेखिका लिम सांग-चुन, दिग्दर्शक किम वॉन-सोक. कथा जेजू बेटावरच्या ए-सुनची, पन्नासच्या दशकातल्या तिच्या बालपणापासून थेट म्हातारपणापर्यंत. पण माझ्या मते मालिका उभी आहे ती तिच्या आईवर, ग्वांग-र्येवर. आणि ही बाई एकोणतिसाव्या वर्षी मरते, मालिका अजून नीट सुरूसुद्धा झालेली नसताना.

ग्वांग-र्ये हेन्यो आहे. म्हणजे ऑक्सिजनची नळकांडी वगैरे काही न लावता, नुसत्या दमावर समुद्रात बुडी मारून शंख-शिंपले काढणारी बाई. जेजूच्या या बायकांची परंपरा 2016 साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली आणि आता त्यांचे सुंदर सुंदर फोटो फिरतात. वास्तव असं की दहा-दहा मीटर खोल जायचं, साधारण मिनिटभर दम धरायचा, वर येऊन शीळ घातल्यासारखा श्वास सोडायचा, की पुन्हा खाली. दिवसाला सहा-सात तास. रबरी पोशाख आले सत्तरच्या दशकात. ग्वांग-र्येच्या पिढीच्या अंगावर थंडीतही सुती कपडा असायचा. साठच्या दशकात अशा बायका वीस हजारांच्या वर होत्या, आज तीन हजारांच्या आत आहेत आणि त्यातल्या बहुतेक साठीच्या पुढच्या. 'परंपरा लोप पावतेय' म्हणून हळहळणाऱ्यांना मला विचारावंसं वाटतं की तुमच्या मुलीला पाठवाल का? ग्वांग-र्येनं या प्रश्नाचं उत्तर तेव्हाच दिलं होतं. लेकीनं पाण्यात उतरायचं नाही, बस्स.

आता ती कविता. लहानगी ए-सुन शाळेच्या वयात अबलोनवर एक कविता लिहिते. अबलोन म्हणजे खडकाला घट्ट चिकटून बसणारा, चांगला भाव मिळणारा शिंपला. कवितेत पोर त्या शिंपल्याला चक्क शिव्या घालते. वादळ असो की काही असो, आईला त्याचंच वेड, लेकीपेक्षा तोच जास्त प्यारा. खाली गेली की लवकर वर येत नाही. शिंपला सापडत नाही म्हणून येत नाही, की दम पुरत नाही म्हणून? आणि मग मागणं काय, तर शिंपला विकून आईला जे शंभर ह्वान मिळतात ते मीच देते, मला आईचा एक दिवस विकत द्या. कंबर दुखणाऱ्या, खोकणाऱ्या माझ्या आईला शंभराला एक या भावानं विश्रांती द्या.

हे ऐकून मी मालिका थांबवली होती. (ह्वान हे कोरियाचं जुनं चलन, 1962 साली बंद झालं, म्हणजे लेखिकेनं काळसुद्धा चोख सांभाळलाय.) आईवर कविता म्हटलं की आपल्याकडे सागर येतो, सावली येते, देव येतो. ही पोर आईला देवबीव करत नाही. ती तिची रोजची मजुरी सांगते आणि म्हणते, एवढ्याचाच तर प्रश्न आहे ना? मग घ्या पैसे आणि तिला घरी पाठवा. मायेला हिशेबाचं वावडं असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही कविता पुन्हा ऐकावी. हिशेब मांडल्याशिवाय आई किती थकली हे त्या लेकराला तरी कसं कळणार होतं?

आणि ग्वांग-र्ये काही सोशिक माऊली नाही. तोंडाची फटकळ, हाताची सढळ, भांडायला कायम तयार. लेक काकाच्या घरी राहते, तिथे तिच्या ताटात मासा येत नाही हे कळल्यावर ही जे काही करते ते बघाच. वर्गप्रमुखाच्या निवडणुकीत मतं ए-सुनला जास्त पडतात आणि पद मिळतं मोठ्या घरच्या मुलाला. तेव्हा हीच बाई चांगले कपडे घालून शाळेत जाते आणि मास्तरांपुढे नमतं घेते. एरवी गावाला न जुमानणारी बाई लेकीसाठी वाकते, ते बघवत नाही. यॉम हे-रानला या भूमिकेसाठी कोरियातल्या बेकसांग पुरस्कारांमध्ये सहायक अभिनेत्रीचं पारितोषिक मिळालं. मालिकेत ती दिसते जेमतेम, पण ती गेल्यावरही प्रत्येक भागात तीच आहे असं वाटत राहतं.

कारण तिचा राग लेकीकडे आलाय. लग्नानंतर सासू आणि आजेसासू मिळून ए-सुनच्या लहानग्या लेकीला, गुम-म्योंगला, हेन्यो करायचा घाट घालतात, तशी पूजाही मांडतात. आणि ए-सुन ती मांडलेली पूजा उलथवून टाकते. भांडी गडगडतात, सासू थिजते. मला विचाराल तर सगळ्या सोळा भागांतलं सर्वात मायेचं दृश्य हेच. डोळ्यांत पाणी नाही, मिठी नाही, पार्श्वसंगीताचा पूर नाही. माझ्या आईनं जे मला करू दिलं नाही, ते मी माझ्या लेकीला करू देणार नाही, एवढंच.

तिचा नवरा ग्वान-शिक त्या घरात एक साधीशी गोष्ट करतो, तिच्याबद्दल सगळीकडे लिहून आलंय. पुरुषांचं जेवण वेगळं, बायकांचं वेगळं. तो आपल्या जागी बसल्या बसल्या पाठ फिरवतो आणि बायको-लेकीकडे तोंड करून जेवायला लागतो. आधी पुरुषांची पंगत, मग उरलंसुरलं बायकांना, हे ज्यांनी घरात पाहिलंय त्यांना हे दृश्य समजावून सांगायला नको. माझ्या आत्याला हा प्रसंग दाखवला. ती एवढंच म्हणाली, "आमच्याकडे कोणाची मान इतकी वळत नव्हती."

आययू या गायिका-अभिनेत्रीनं तरुण ए-सुनही केलीय आणि मोठी झालेली लेक गुम-म्योंगही. ही निवड फार हुशारीची आहे. आईनं जे स्वप्न पाहिलं ते लेक जगते. सोलच्या सर्वात नावाजलेल्या विद्यापीठात शिकते, जपानला जाते, त्यासाठी आईबाप राहतं घर विकतात. आणि तीच लेक आईचा फोन आला की खेकसते. चेहरा तोच, जिनं आईसाठी कविता लिहिली होती. मून सो-रीची प्रौढ ए-सुन फोनच्या दुसऱ्या टोकाला गप्प होते, तिथे मला आयुष्यातले बरेच फोन आठवले. लेखिकेनं गुम-म्योंगला वाईट ठरवलेलं नाही, हे मला आवडलं. आपल्यासाठी विकलेलं घर डोक्यावर घेऊन जगणं काय असतं, तेही तिनं दाखवलंय. उपकाराखाली दबलेलं माणूस गोड कसं बोलणार?

घर हे एक झालं. ग्वांग-र्येनं मरण्याआधी सासूला गळ घातलेली असते की माझ्या लेकीच्या अडीनडीला उभ्या राहा, आणि कितीतरी वर्षांनी ती आजी साठवलेले पैसे नातीच्या संसारासाठी, बोटीसाठी काढून देते. घरात तांदूळ नसतात तेव्हा घरमालक म्हातारा-म्हातारी गुपचूप रांजणात तांदूळ टाकत राहतात. या मालिकेतली माया अशी मोजता येते. किती शेर, किती रुपये, कोणी कोणाला. आईपण एकट्या बाईच्या अंगावर टाकून गाव मोकळं होत नाही. एक बाई बुडते तेव्हा बाकीच्या तिच्या लेकीला वर धरतात.

आता कुरकुर. ग्वान-शिक फारच चांगला आहे. इतका, की मला थोडा संशय येतो. असा नवरा मिळाला तर आईपण निभतं, असा छुपा निरोप त्यातून जातो, आणि ग्वांग-र्येला तर असा कोणी मिळालाच नव्हता. ती एकटीच लढून गेली. याच लेखिकेची 2019ची 'व्हेन द कॅमेलिया ब्लूम्स' या बाबतीत मला जास्त खरी वाटली. तिथली एकटी आई आणि तिला लहानपणी टाकून गेलेली तिची आई, दोघींना कोणी धुऊनपुसून ठेवलेलं नाही. 'टँजरिन्स'चे शेवटचे चार भाग तर रडवायचा विडा उचलल्यासारखे आहेत. नवऱ्याचं आजारपण, कवितासंग्रह, आणि प्रकाशनगृहात हुबेहूब ग्वांग-र्येसारखी दिसणारी बाई. त्या शेवटच्याला मी हरले, मान्य. पण बाकीचं निम्म्यात आटपलं असतं.

आणि सर्वात मोठी तक्रार ए-सुनच्या मधल्या मुलाबद्दल, उन-म्योंगबद्दल. थोरलीसाठी घर विकलं. धाकटा दोंग-म्योंग वादळात गेला आणि घरातला प्रत्येकजण मनातल्या मनात स्वतःलाच दोषी धरत राहिला. मधला मुलगा या दोघांच्या मध्ये कुठेतरी हरवला. तो धडपडतो, चुकतो, आईबापांना खड्ड्यात घालतो, आणि मालिका त्याच्याकडे बरेचदा विनोदाच्या अंगानं बघते. ज्या आईला आपल्या आईची एक दिवसाची मजुरी तोंडपाठ होती, तिला या पोराच्या वाट्याला काय आलं ते दिसलं नसेल? की दिसलं आणि हाताशी काही उरलंच नव्हतं? मालिकेनं हा प्रश्न नीट विचारलाच नाही असं माझं मत. घरातल्या मधल्या भावंडांनी कमेंटमध्ये बोला, बाकीच्यांनी ग्वान-शिकची बाजू घेऊन भांडायला हरकत नाही.