आबा तोडिला

भाच्याने ओहायोत लग्न केलं तेव्हा आम्हाला वाटलं होतं, फार तर पुरणपोळीचा प्रश्न येईल. आला तो पूर्वजांचा. सुनेच्या माहेरी भिंतीवर म्हणे एक भलंमोठं झाड रंगवलेलं आहे. त्याच्या फांद्यांवर तिचे आजे, पणजे, खापरपणजे जन्म-मृत्यूच्या तारखांसकट बसलेले आहेत. आता त्या झाडाला जावयाची बाजू जोडायची ठरली. तिथे खाली भाचा, वर माझा भाऊ, त्याच्या वर आमचे वडील आणि त्याच्या वर आभाळ. हे काही भाच्याला बघवेना. फोन आला, "आत्या, तू आता रिटायर झालीस ना गं?"

रिटायर माणसाची एवढ्या प्रेमाने चौकशी झाली की समजावं, काम आलं.

त्याच्या मते काम सोपं होतं. सूनबाई काउंटीच्या कचेरीत गेली, तिथे लग्नाचे परवाने, मृत्युपत्रं, जमिनीची खरेदीखतं सगळं नावानिशी लावलेलं. मग जनगणना. अमेरिकेत 72 वर्षं उलटली की जनगणनेचे मूळ कागद कुणालाही बघता येतात. 1950 सालचे 2022 मध्ये खुले झाले. 1850 सालच्या शेतीच्या तक्त्यात तर तिच्या कुणा खापर-खापरपणजोबांकडे दुभत्या गाई किती, डुकरं किती आणि वर्षाला लोणी किती पौंड निघालं, तेही सापडलं. "आत्या, आपल्या पणजोबांकडे म्हशी किती होत्या?" मला पणजोबांचं नाव धड ठाऊक नव्हतं, म्हशींचं काय घेऊन बसलाय!

तिकडेही सगळं आलबेल नाही, हे सुनेनेच सांगितलं. 1890 च्या जनगणनेचे बहुतेक कागद 1921 च्या आगीत खराब झाले आणि पुढे नष्टच केले गेले. आणि 1850 व 1860 च्या तक्त्यांत गुलामांची नावंच नाहीत. मालकाचं नाव, त्याखाली वय, स्त्री की पुरुष, रंग, बस्स. हे सांगताना तिचा आवाज जरा खाली आला. पोरगी चांगली आहे.

"मग आपली जनगणना बघ ना," भाचा म्हणाला. आता हे तो कुणाला सांगत होता? जिल्हा परिषदेच्या शाळेतली शिक्षिका मी. जनगणनेचे फॉर्म काखोटीला मारून उन्हातान्हात दारोदार हिंडलेय. आपल्याकडे देशभर एकाच वेळी जनगणना 1881 पासून होतेय, पण 1948 च्या कायद्याने घराघरांतून भरून घेतलेली माहिती गोपनीय. 72 वर्षांनी नाही आणि 720 वर्षांनीही नाही. शिवाय ती माहिती कशी जमते ते मी पाहिलंय. म्हातारीला विचारावं, "आजी, मालकांचं नाव?" तर ती पदर तोंडाला लावून ओसरीवरच्या देवाच्या तसबिरीकडे बोट दाखवणार. तसबिरीत राम, लक्ष्मण, सीता आणि मारुती. आता यातला नेमका कोणता, हे शेजारणीने येऊन सांगेपर्यंत माझं पेन हवेत. वय विचारावं तर "प्लेगात मी रांगत हुते." कुठल्या प्लेगात? "आता प्लेगाला का नाव असतंय, बाई?"

तेव्हा जनगणना बाद. राहिली तालुक्याची कचेरी.

कुठल्या तालुक्याची ते सांगत नाही, अजून काही नकला यायच्या आहेत. अभिलेख कक्षाच्या खिडकीशी ही रांग. 2023 च्या सप्टेंबरपासून मराठा आरक्षणासाठी जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि ज्या कागदांकडे कसरीशिवाय कुणी ढुंकून पाहत नव्हतं त्यांच्यापुढे जत्रा भरली. माझ्या पुढचे एक गृहस्थ नातवाच्या इंजिनीअरिंगच्या प्रवेशासाठी आजोबांचा शाळेचा दाखला शोधत होते. मागच्याला ओबीसी दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा हवा होता आणि ती तारीख तो तुकारामाच्या अभंगासारखी म्हणत होता. माझा नंबर लागला.

"कशासाठी पाहिजे नक्कल?"

"वंशावळीसाठी."

"ते कळलं. पण कोणत्या कामासाठी? जातपडताळणी, वारसनोंद, कोर्ट?"

"काम असं नाही. हौस म्हणून."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. मागच्या टेबलावरच्या बाईंनी डबा खाता खाता मान वर केली. "मॅडम," तो अगदी मायेने म्हणाला, "हौसेला रकाना नाही." मागच्या रांगेतून कुणीतरी सुचवलं, "लिहा हो, शैक्षणिक कामी." मी चाळीसेक वर्षं शिकवलेलं असल्याने ते खोटंही म्हणता येत नव्हतं. अर्जाला कोर्ट फीचं तिकीट डकवलं आणि माझी हौस आवक-जावक रजिस्टरात दाखल झाली.

आत जे मिळालं ते एक गाठोडं. जुन्या दप्तरखान्यात याला रुमाल म्हणतात. नाकाला लावायचा रुमाल वेगळा. तो मी घरूनच नेला होता. गाठ सोडली की आधी धूळ, मग कागद. फेरफाराचं रजिस्टर, म्हणजे जमिनीवरची नावं बदलल्याची नोंद, कोतवाल बुक, खातेदारांच्या याद्या. एकेक पान असं उलटायचं की श्वासानेही फाटू नये.

आणि मग कळलं की आमच्या घराण्यात माणसं दोनच होती, विठोजी आणि राणोजी. थोरल्या नातवाला आज्याचं नाव द्यायची आपली रीत. त्यामुळे राणोजी बिन विठोजी, म्हणजे विठोजीचा मुलगा राणोजी, त्याचा विठोजी बिन राणोजी, त्याचा पुन्हा राणोजी बिन विठोजी. अमेरिकेतली ती झाडं वर चढत जातात. आमचं आपलं जातं फिरत होतं, दळण एकच. त्यात दुसऱ्या विठोजीला एका फेरफारात नुसतं 'आण्णा' म्हटलेलं. गावात त्या काळी आण्णा किती असतील याचा हिशेब देवाकडेही नसणार. मधेच एक धोंडू आणि एक केरू. आधीची मुलं जगली नाहीत की पुढच्याला दगडधोंड्याचं नाव द्यायचं, म्हणजे यम वळून पाहत नाही. धोंडूकडे यमाने पाहिलं नाही हे खरं. तो पुढे तीन फेरफारांत भांडताना सापडतो.

जन्मतारखांचं तर विचारूच नका. शाळेच्या जुन्या रजिस्टरात माझे वडील 1 जूनचे, दोन्ही काका 1 जूनचे, आणि अर्धा वर्गही 1 जूनचाच. पोराचा कान हाताने डोक्यावरून धरता आला की झाला सहा वर्षांचा, लिहा 1 जून. भाच्याने हे सगळं त्या वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये भरलं तर त्याने लाल खूण दाखवून विचारलं, हे सगळे एकच इसम आहेत काय?

कोतवाल बुकात जन्म आणि मृत्यू दोन्ही असतात, पण जन्माच्या नोंदीत बारसं व्हायच्या आतच शाई वाळलेली. 'राणोजी बिन विठोजी, मुलगी 1'. पुढच्या पानावर पुन्हा 'मुलगी 1'. नाव नाही. ती मोठी झाली, लग्न झालं, सासरी नाव बदललं, म्हणजे असलं तरी गेलंच असतं. 1918 च्या आश्विन-कार्तिकाची पानं उलटताना मात्र माझी बडबड थांबली. कारणाच्या रकान्यात ताप, खाली ताप, त्याखाली ताप, आणि पुढे कोतवालाने शब्द लिहायचाच सोडून नुसत्या दोन रेघा ओढलेल्या. पान संपेस्तोवर दोन रेघा. मानमोडीची साथ म्हणतात ती ही.

बायका कागदावर नाहीतच असं नाही. फेरफारात सापडतात. बाप गेला की वारस म्हणून बहिणींची नावं लागतात, आणि लगेच खालच्या नोंदीत 'भावाचे लाभात हक्क सोडला'. आमच्या आत्या अशा भेटल्या मला, एका ओळीत आल्या आणि दुसऱ्या ओळीत गेल्या. आणि अलीकडच्या एका पानावर मीच! वडिलांच्या वारसांत तिसऱ्या क्रमांकाला माझं नाव, सासरच्या आडनावासकट, आणि त्याखाली हक्कसोड. सही करताना भावाने पेढे आणले होते ते आठवलं. साडीही होती, अंजिरी रंगाची. वाईट नव्हती. फोटो काढून भाच्याला पाठवला, "बघ, तुझी आत्या रेकॉर्डवर आहे." त्याने अंगठा पाठवला. त्याच्या बापाला त्या अंगठ्यामागचं सगळं ठाऊक आहे.

एव्हाना गावात बातमी गेली होती. चुलत भाऊ, आमचे बापूदादा, यांच्याकडे घरची जुनी ट्रंक आहे. तिच्यात मोडीतले कागद असल्याचं लहानपणापासून ऐकत होते. गेले. चहा झाला. ट्रंकेचा विषय काढला तर दादांनी कुलूप बघितलं, मला बघितलं, पुन्हा कुलूप बघितलं.

"कागद कशाला, ताई?"

"वंशावळ करतोय. पोराला हवीय, अमेरिकेत."

"अमेरिकेतल्या पोराला इथल्या जमिनीचं काय पडलंय?"

"जमीन नको रे त्याला. नावं हवीत."

"नावं लागतात ती जमिनीलाच," दादा म्हणाले. यावर वाद घालायला मला जागा दिसेना. सातबाऱ्यावर हेच तर बघत आले होते. शेवटी वहिनीने आतून किल्ली आणून दिली. वहिनीचंही नाव बहुधा कुठल्या तरी फेरफारात हक्क सोडून गेलेलं असणार.

ट्रंकेत निघाला एकच धड कागद. मोडी वाचणारे एक काका शोधले. कुणबी नोंदींच्या गर्दीत त्यांचा भाव असा वधारला होता की त्यांच्या अंगणातही रांग. त्यांनी भिंग लावलं. मोडीत लेखक आधी आडवी रेघ मारून घेतो आणि मग हात न उचलता त्या रेघेला अक्षरं लटकवत जातो. शब्द कुठे संपला ते ज्याचं त्याने बघावं. काका वाचत गेले, वाचत गेले आणि थबकले.

"ताई, बसा जरा."

"बसलेच आहे."

"धोंडू म्हणून कोणी तुमच्यात?"

"आहेत. बरेच आहेत."

"याने बांधावर आबा तोडिला."

मी म्हटलं, तोडिला म्हणजे? काकांनी हाताने मानेवरून सुरी फिरवल्यासारखं केलं. पुढे 'दंड रुपये पाच' असंही होतं. माणूस तोडायला पाच रुपये! स्वस्ताई होती म्हणतात ती खोटी नाही.

हे भाच्याला कळवलं आणि ओहायोत आनंदीआनंद झाला. सुनेच्या झाडावर गाईगुरं, लोणी आणि एक पाद्री. आमच्याकडे थेट खून! तिने त्या फांदीला वेगळा रंग द्यायचं ठरवलं. इथे मात्र माझी झोप उडाली. आबाच्या वंशजांनी विचारलं तर काय सांगायचं? आमच्याच भावकीत निम्मे आबा.

तेवढ्यात तारखेचा उलगडा करायला तो कागद माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीकडे नेला. ती कॉलेजात असताना मोडी शिकलेली. तारीख होती 'सन समान अशर मयातैन व अलफ'. तिने बोटांवर मोजलं: समान म्हणजे आठ, अशर दहा, मयातैन दोनशे, अलफ हजार. सुहूर सन, म्हणजे मराठेशाहीतल्या कागदांवरचं साल, 1218. हे साल मृगाला सुरू होतं, म्हणजे जून 1817 ते जून 1818. मी थक्क. 5 नोव्हेंबर 1817 ला खडकीला इंग्रजांशी लढाई झाली आणि त्याच सालात पेशवाई बुडाली. पोरांना दरवर्षी मीच शिकवलंय हे. तेव्हा सगळी दौलत हातातून जात असताना आमचे धोंडू बांधावर काय करत होते?

"बाई, पण हा आबा माणूस नाही," ती म्हणाली.

"मग?"

"मोडीत अनुस्वार बरेचदा गाळतात. आंबा आहे हा. बांधावरचा आंबा तोडलाय. चुलतभावाच्या मालकीचा. तो म्हणतो, झाड माझं. धोंडू म्हणतो, मुळं माझ्यात."

म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी आमच्या घराण्याने एक झाड तोडलं, म्हणून आज आमच्या झाडाला एक फांदी जास्त. जे विठोजी आणि राणोजी गुण्यागोविंदाने शेत करून, वेळेवर सारा भरून गेले त्यांच्या नावामागे एक ओळ नाही. धोंडूची मात्र साक्षीदारांसकट दीड हात कैफियत आहे. त्यात त्याच्या म्हशीही आल्यात, दोन. तोडलेल्या आंब्याच्या सावलीत बांधायचा तो. भाच्याला कळवलं. सूनबाईला खून गेल्याचं वाईट वाटलं, पण म्हशींवर समाधान मानलं.

मग जे व्हायचं ते झालं. बापूदादांनी त्या वाचनाची झेरॉक्स मागितली. मी दिली, घरच्याच माणसाचा घरचाच कागद. तोडलेल्या आंब्याच्या जागेशी आज आमच्या भावाचा बांध आहे आणि त्यावर एक हापूसचं कलम. दादांनी दोन दिवस कागद वाचला, तिसऱ्या दिवशी वकिलाकडे गेले. झाड मुळात त्यांच्याच शाखेचं असल्याचा 1817 पासूनचा पुरावा आता त्यांच्या हाती आहे. मोजणीची नोटीस आली. भावाने मला फोन केला आणि बरंच काही बोलला, त्यात वंशावळ हा शब्द शिवीसारखा तीनदा आला.

त्या नोटिशीत भावाचं नाव आहे, दादांचं आहे, आणि 'हितसंबंधित' म्हणून माझंही आहे, हक्क सोडलेला असूनसुद्धा. फोटो काढून ओहायोला पाठवला. रात्री भाच्याचा निरोप आला: "आत्या, मस्त! हे बाबांच्या पानावर टाकू की तुझ्या?"

मी कळवलं, माझ्या.