मर्यादेत बसणारी फट

बंद पडलेला फोन दुरुस्तीला देणे ही अत्यंत सरळ गोष्ट आहे. तो पडला, फुटला, पाण्यात बुडाला किंवा एखाद्या सकाळी उठलाच नाही, तर कोणाला काही पटवून द्यावे लागत नाही. घरचे हळहळतात, मित्र आपापल्या दिवंगत फोनच्या अखेरच्या क्षणांच्या हकिकती सांगतात आणि दुरुस्ती केंद्रातील माणूसही चेहरा गंभीर करतो. खरी कसोटी लागते ती उत्तम चालणारा फोन दुरुस्तीला नेणाऱ्याची. माझा नवा फोन उत्तम चालत होता. बोलणे स्वच्छ ऐकू येत होते, फोटो सुरेख निघत होते, बॅटरी दिवसभर पुरून उरत होती. फक्त उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे मागची काच आणि धातूची चौकट एकमेकांना भेटतात, तिथे ती दोघे पुरेशा मनापासून भेटत नव्हती.

ही फट डोळ्यांना दिसत नसे. ती अंगठ्याच्या नखाला कळे. उरलेल्या तिन्ही कोपऱ्यांवरून नख विनातक्रार सरकायचे आणि या एका कोपऱ्यावर आले की ‘टक्’ असा आवाज करून क्षणभर अडखळायचे. छपाईच्या साध्या कागदाची जाडी साधारण 0.1 मिलिमीटर असते, हे मला ठाऊक होते. म्हणून मी कागदाची एक बारीक पट्टी कापून ती फोनच्या चारही कडांना टेकवून पाहिली. तीन कोपऱ्यांनी तिला दारातूनच परत पाठवले. चौथ्यात ती शिरली आणि ताठ उभी राहिली. हा शास्त्रशुद्ध पुरावा मी उत्साहाने पत्नीला दाखवायला नेला. तिने फोनकडे पाहिले, पट्टीकडे पाहिले आणि विचारले, “चांगल्या फोनमध्ये कागद का खुपसतो आहेस?”

या बाबतीत दोष तिचा नाही आणि माझाही नाही. तो मानवी बोटांचा आहे. स्वीडनच्या केटीएच या तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, पृष्ठभागावरून बोट फिरवणाऱ्या माणसांना अवघ्या 13 नॅनोमीटर उंचीच्या सुरकुत्याही जाणवल्या होत्या. माझी फट त्याहून हजारो पटींनी मोठी होती. ज्या प्राण्याला निसर्गाने इतके चिकित्सक बोट दिले आहे, त्याच्या हाती दिवसभर एकच वस्तू दिल्यावर तो तिचे कोपरे चाचपणार नाही, तर काय करणार? बैठकीत मी कोपरा चाचपत असे. फोनवर बोलताना चाचपत असे. झोपेतही माझा अंगठा गादीच्या कडेवरून फिरतो, असे घरातून कळले.

दोष शोधण्याची एकदा सवय लागली की तो एकटा सापडत नाही. आवाज कमीजास्त करण्याचे बटण किंचित डुगडुगते, हे लक्षात आले. पुढच्या कॅमेऱ्याच्या काचेखाली धुळीचा एक कण कायमचा मुक्कामाला आहे, हे तिरप्या उजेडात दिसले. फोन कानाजवळ नेऊन हलवल्यावर आत काहीतरी खुळखुळते, हे ऐकल्यावर मात्र माझी झोपच उडाली. तो आवाज कॅमेऱ्याच्या भिंगाचा आहे, असे पुढे कळले. हात थरथरला तरी चित्र स्थिर राहावे म्हणून काही फोनांत भिंग अधांतरी बसवलेले असते, चुंबक आणि तारेची वेटोळी त्याला सावरून धरतात आणि कॅमेरा बंद असताना ते मोकळेपणाने हलते. तेव्हा खुळखुळणे हे निरोगीपणाचे लक्षण निघाले आणि ते माझ्या यादीतून मी खोडले. बाकीच्या यादीने मात्र बाळसे धरले होते.

मदतकेंद्राचा क्रमांक फिरवल्यावर एका अत्यंत नम्र तरुणाने माझी चौकशी सुरू केली.

“फोन सुरू होतो का, सर?”

“होतो.”

“कॉल लागतात का?”

“त्याच फोनवरून तुमच्याशी बोलतो आहे.”

“मग अडचण काय आहे, सर?”

“फट आहे.”

“म्हणजे स्क्रीन फुटली आहे का?”

त्याच्यासमोरच्या यादीत पडदा, बॅटरी, चार्जिंग, कॅमेरा आणि ‘इतर’ एवढेच पर्याय होते. माझ्या फटीची रवानगी ‘इतर’मध्ये झाली. त्यानंतर ठरलेल्या क्रमानुसार त्याने मला फोन बंद करून पुन्हा सुरू करायला सांगितला. फट गेली नाही. मग सॉफ्टवेअरची ताजी आवृत्ती घ्यायला सांगितली. काचेखालचा गोंद कमी पडला असेल, तर तो इंटरनेटवरून कसा उतरवून घेणार, हा प्रश्न मी ओठांवरच ठेवला आणि आवृत्ती घेतली. नव्या आवृत्तीत इमोजींची संख्या वाढली. फट होती तेवढीच राहिली. शेवटी *#06# दाबून फोनचा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक वाचून दाखवण्याचा प्रसंग आला. या क्रमांकातील शेवटचा आकडा आधीच्या चौदा आकड्यांवरून गणिताने काढलेला असतो, जेणेकरून सांगताना एखादा आकडा चुकला तर ताळा जमू नये आणि चूक लगेच पकडली जावी. क्रमांकाची इतकी काळजी वाहणाऱ्या या उद्योगाने चौकटीचाही असाच ताळा घेतला असता, तर आम्हा दोघांचा वेळ वाचला असता.

“दोषाचा स्पष्ट फोटो पाठवा, सर,” असे त्याने सांगितले. आता घरातला सर्वांत चांगला कॅमेरा ज्या फोनमध्ये होता, त्याच फोनचा फोटो काढायचा होता. माझ्या जुन्या फोनने प्रयत्न केला, पण त्याला जवळचे काही दिसेना. त्याने प्रत्येक वेळी माझी बोटे टिपली आणि कोपरा धूसर सोडला. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असे म्हणणाऱ्यांनी स्वतःच्याच फोनने फोनचा फोटो काढून पाहावा. मी आरशासमोर उभा राहिलो, मागचा कॅमेरा आरशाकडे धरला आणि फटीसकट स्वच्छ फोटो पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी उत्तर आले की तक्रारीत उजवा कोपरा लिहिला आहे आणि फोटोत डावा दिसतो आहे. फोनच्या पाठीकडून पाहिले की डावे-उजवे बदलते, हे त्यांनी मला समजावले. आरशात पाहिले की ते पुन्हा बदलते, हे मी त्यांना समजावले. फोटोत कंपनीचे नाव उलटे उमटले आहे, हाही पुरावा मी जोडला. यानंतर त्यांनी फोन प्रत्यक्षच घेऊन यावा असे कळवले, आणि मला वाटते ते माझ्या युक्तिवादाने जिंकले गेले नव्हते; ते थकले होते.

फोन दुसऱ्याच्या हवाली करण्यापूर्वी तो रिकामा करावा लागतो. फोटो, संदेश आणि संपर्क दुसरीकडे नेऊन ठेवणे हे वेळखाऊ, पण साधे काम आहे. माझे अडले ते पुढे. खात्यातून बाहेर पडण्यासाठी मीच तो आहे हे सिद्ध करणारा संकेतांक हवा होता आणि तो त्याच फोनवर येत होता. तो आला, मी तो त्याच फोनमध्ये भरला आणि त्या फोनने समाधानाने मान डोलावली. म्हणजे स्वतःला विसरण्याची परवानगी त्याने माझ्यामार्फत स्वतःकडूनच घेतली. मग सर्व काही पुसले गेले आणि पडद्यावर अनेक भाषांतून आळीपाळीने नमस्कार उमटू लागला, जणू आमची कधी भेटच झाली नव्हती.

दुरुस्ती केंद्रात टोकन घेऊन बसल्यावर आजूबाजूच्या रुग्णांकडे पाहून मला माझीच लाज वाटू लागली. एकाच्या फोनच्या पडद्याचा पार चक्काचूर झाला होता. एकीचा फोन पाण्यातून काढून थेट आणल्यासारखा दिसत होता. “तुमचं काय झालं?” असे शेजारच्या गृहस्थांनी आपुलकीने विचारले, तेव्हा मी “थोडं डुगडुगतं,” एवढेच म्हणून टोकनाकडे पाहू लागलो.

माझा क्रमांक आला आणि खिडकीपलीकडच्या तरुणाने फोन हातात घेऊन डोळ्याला भिंग लावले. मला भरून आले. इतक्या दिवसांत माझ्या फोनकडे भिंगातून पाहणारा हा पहिलाच माणूस होता. मात्र तो फट शोधत नव्हता. तो माझे गुन्हे शोधत होता.

“पडद्यावर बारीक ओरखडे आहेत,” असे म्हणत त्याने ते लिहिले.

ओरखडा नाकारणे शक्य नव्हते, तरी मी नाकारून पाहिले. फोनची काच कठीणपणा मोजणाऱ्या मोहस मोजपट्टीवर साधारण 6 च्या आसपास बसते आणि धुळीत सापडणारा गारगोटीचा कण 7 वर असतो, तेव्हा जगातल्या कोणत्याही खिशात राहिलेल्या फोनवर असे ओरखडे उठणारच, हे मी सप्रमाण मांडले. त्याने शांतपणे पुढची ओळ लिहिली: “चौकटीवर ठिपका.” आणि त्या क्षणी मी जे वाक्य ऐकले, ते माझ्याच तोंडून आले होते: “अहो, एवढं चालायचंच, हे मर्यादेत आहे!” तो प्रथमच हसला. बहुधा ते त्याचे वाक्य होते.

मग त्याने फटीवरून बोट फिरवले आणि मान हलवली. “काही लागत नाही, सर.” मी त्याच्या बोटांकडे पाहिले. नखे अगदी मुळापर्यंत कापलेली होती. नाजूक भाग हाताळणाऱ्याने नखे कापलेलीच असावीत, हे मला मान्य आहे. पण ज्या दोषाचा एकमेव साक्षीदार नख आहे, त्याची सुनावणी बिननखी न्यायालयात चालवणे योग्य नव्हे, असे मी नम्रपणे निदर्शनास आणले. थोडा विचार करून त्याने शेजारच्या खिडकीवरील सहकारी बाईंना हाक मारली. त्यांनी करंगळीचे नख कोपऱ्यावरून एकदा ओढले. ‘टक्.’ त्यांनी पुन्हा ओढले. ‘टक्.’ “आहे की,” असे म्हणून त्या आपल्या जागी परत गेल्या. या दोन शब्दांइतका दिलासा मला कोणत्याही प्रमाणपत्राने दिला नसता.

तरीही प्रश्न मर्यादेचा होताच. पडद्यांच्या बाबतीत अशी मर्यादा निदान लेखी सापडते: आयएसओ 13406-2 या जुन्या मानकानुसार दुसऱ्या श्रेणीच्या सपाट पडद्यात दर दहा लाख बिंदूंमागे 2 बिंदू कायमचे पेटलेले आणि 2 कायमचे विझलेले असले, तरी तो पडदा आपली श्रेणी राखत असे. किती अपूर्णता म्हणजे पूर्णता, हे तिथे कोणीतरी बसून ठरवले होते. माझ्या फटीची मर्यादा किती, असे मी विचारले, तेव्हा “ती मर्यादेत आहे,” असे उत्तर मिळाले. मर्यादा किती आहे हे सांगणे मात्र मर्यादेबाहेरचे होते. मग मी पाण्याचा मुद्दा काढला. फोनला आयपी 68 हे मानांकन होते. त्यातील 6 म्हणजे धुळीचा पूर्ण मज्जाव आणि 8 म्हणजे कंपनीने ठरवून दिलेल्या अटींवर पाण्याखाली राहण्याची क्षमता. ज्या फटीत कागद शिरतो तिच्यातून पाणी शिरणार नाही कशावरून, असे मी विचारले. “पाणी शिरलंच तर ते वॉरंटीत बसत नाही, सर, त्यामुळे त्याची काळजी करू नका,” असे सांगून त्याने माझी काळजी कायमची मिटवली.

पावतीवर शेवटी लिहिले गेले: “ग्राहकाच्या म्हणण्यानुसार फट.” ओरखडे मात्र कोणाच्याही म्हणण्यानुसार नव्हते; ते नुसतेच होते.

मधले दिवस जुन्या फोनवर काढले. पहिला हातात धरून बोलण्याचा मोबाइल मार्टिन कूपर यांनी 3 एप्रिल 1973 रोजी चालवून दाखवला, तेव्हा तो किलोभराहून जड होता आणि अर्ध्या तासाच्या बोलण्याने त्याची बॅटरी संपत असे. माझा जुना फोन वजन सोडले तर त्याच घराण्यातला होता. त्याच्या कडा मात्र अप्रतिम जुळलेल्या होत्या. चार्जरला बांधलेल्या अवस्थेत मी चारही कोपऱ्यांवरून नख फिरवत बसे आणि कोठेही अडखळत नसे, हे सुख मी याआधी कधी मोजले नव्हते.

फोन तयार असल्याचा निरोप आला आणि मी केंद्रात पोहोचलो. पाकीट उघडण्याआधी मी अंगठ्याचे नख तपासून घेतले. ते मुद्दाम वाढवले होते. कोपऱ्यावरून ओढले. काही नाही. उलट ओढले. काही नाही. खिशातून कागदाची पट्टी काढली, तर चौथ्या कोपऱ्यानेही तिला दारातून परत पाठवले. बटण डुगडुगत नव्हते, धुळीचा कण मुक्काम सोडून गेला होता. इतके निर्दोष काम पाहून मी गहिवरलो आणि त्याच गहिवरात सोबतचा कागद वाचू लागलो. त्यावर दोन ओळी छापलेल्या होत्या. पहिली होती, “तपासणीत दोष आढळला नाही.” तिच्याखाली होते, “चौकट व मागील काच बदलली.”

“दोष आढळला नाही, तर मग बदललं कशासाठी?” मी विचारले.

“दोष आढळला नाही, हा तपासणी विभागाचा निष्कर्ष आहे,” तो तरुण म्हणाला. “चौकट बदलली, ती दुरुस्ती विभागाने. दोन्ही विभाग वेगळे आहेत, सर.”

“आणि ग्राहकाचं समाधान झालं की नाही, हे कोणता विभाग ठरवतो?”

“त्यासाठी तुम्हाला उद्या फोन येईल.”