वेबसाइट कुणाच्या नावावर आहे, ते आधी बघा

परवा बडोद्याच्या खंडेराव मार्केटात भाजी घेताना मांजलपूरच्या एक वहिनी भेटल्या. घरी मसाले आणि लोणची करतात, हाताला चव आहे. म्हणाल्या, "ताई, वेबसाइट करायला दिलीय. पुढच्या महिन्यात झाली की ऑर्डरी सुरू!" मी विचारलं, "डोमेन, म्हणजे साइटचं ते डॉट कॉमवालं नाव, कुणाच्या नावावर घेतलंय?" तर म्हणाल्या, "ते सगळं तो मुलगाच बघतो. आपल्याला त्यातलं काय कळतं?"

हे "आपल्याला काय कळतं" ऐकलं की पोटात गोळा येतो. २०१९ मध्ये आमच्या फराळाच्या दुकानाची साइट केली तेव्हा मीही हेच म्हणाले होते.

साइट करणाऱ्याने डोमेन स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या ईमेलवर घेतलं. दोन वर्षांनी तो नोकरीसाठी बंगळूरला गेला. नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर जात राहिल्या आणि ऐन नवरात्रात, चकलीच्या भाजणीची दळणं चालू असताना, साइट बंद पडली. त्याच नावावरचा दुकानाचा ईमेलही गेला. डोमेन विकणाऱ्या कंपनीला फोन केला तर उत्तर एकच: खातं ज्याच्या नावावर, त्यालाच बोलू द्या. मुदत संपल्यावर काही दिवस डॉट कॉमचं नाव नेहमीच्या भावात परत मिळतं. नोंद रद्द झाली की पुढे ३० दिवस ते जास्तीचे पैसे भरून सोडवावं लागतं, आणि तेही जुन्या नोंदणीदारालाच. त्यानंतर जो आधी घेईल त्याचं. तो मुलगा वाईट नव्हता. चौथ्या दिवशी फोन लागला, त्याने सोडवून दिलं. पण तोवर दिवाळीच्या ऑर्डरींचे पहिले दिवस हातचे गेले होते.

सयाजीराव महाराजांनी १९०८ साली ज्या गावात बँक ऑफ बडोदा काढली, त्या गावचे आपण. पासबुकावर कुणाचं नाव आहे हे डोळ्यांत तेल घालून बघतो. आणि ज्या नावावर धंदा चालतो ते नाव मात्र दुसऱ्याच्या खात्यात ठेवून निर्धास्त झोपतो!

"मग साइट हवीच कशाला, गूगलवर फुकट पान मिळतं, इन्स्टाग्राम आहे," असंही खूप जण म्हणतात. गूगलच्या बिझनेस प्रोफाइलवर खरंच फुकट साइट बनवता यायची. मार्च २०२४ मध्ये गूगलने त्या सगळ्या बंद केल्या. प्रोफाइल राहिलं, नकाशावरची खूण राहिली, साइट गेली. प्रोफाइल जरूर ठेवा, वेळा आणि सुट्ट्या त्यात भरा, आमच्याकडे निम्मे फोन तिथूनच येतात. पण परक्याच्या ओट्यावर मांडलेलं दुकान मालक म्हणेल तेव्हा उचलावं लागतं.

आता मजकूर. माझं सगळ्यात मोठं भांडण इथे आहे. आमच्या पहिल्या साइटवर इंग्रजीत "उत्कृष्ट दर्जा, पारंपरिक चव" असलं काहीतरी होतं आणि कुठून तरी उतरवलेला लाडवांचा फोटो होता. दिसायला देखणी. ऑर्डर नाही. त्याच वेळी दुकानातला फोन मात्र सारखा वाजायचा. चकली भाजणीची की तांदळाची? लाडू साजूक तुपातला ना? अनारसे किती दिवस टिकतात? चिवड्यात कांदा-लसूण आहे का? (हा प्रश्न आपल्या गावात दिवसातून दहादा येतो, जैन आणि स्वामिनारायणी घरं आधी हेच विचारतात.) सुरतेला पाठवलं तर चकलीचा चुरा होईल का? सासूबाई एकेकाला समजावून सांगायच्या. एका रविवारी मी वही घेऊन फोनपाशी बसले आणि त्यांची उत्तरं जशीच्या तशी उतरवली. तीच साइटवर टाकली, मराठीत आणि गुजरातीत. फोटो आमच्याच परातीचे काढले. ऑर्डरी त्यानंतर यायला लागल्या. ते कुठलाही वेब डिझायनर लिहू शकला नसता, कारण ते ज्ञान सासूबाईंच्या डोक्यात होतं.

फोटोंवरून आठवलं. कॅमेऱ्यातला जडच्या जड फोटो तसाच चढवू नका. गिऱ्हाईक मोबाइलवर बघतं, आणि गूगलही आता शोधात दाखवताना साइटची मोबाइलवरची आवृत्तीच धरतं. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा असं त्यांचं माप आहे. आमचं पान उघडेपर्यंत चहा गाळून व्हायचा.

"गूगलच्या शोधात पहिल्या नंबरवर आणून देतो, गॅरंटी" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. पहिल्या नंबरची हमी कुणीही देऊ शकत नाही, हे गूगलने स्वतःच लिहून ठेवलंय. केलेल्या सुधारणांचा फायदा दिसायला चार महिने ते वर्ष लागतं, हेही. आम्हाला एकाने पानाच्या आड, गिऱ्हाइकाला न दिसणाऱ्या "कीवर्ड" टॅगमध्ये, लपवायच्या शब्दांची यादी विकली होती. तो टॅग क्रमवारीसाठी आपण वापरत नाही, असं गूगलने २००९ मध्येच जाहीर केलं होतं. सुरक्षिततेच्या कुलपाचं, म्हणजे एसएसएल प्रमाणपत्राचंही तेच. लेट्स एन्क्रिप्ट नावाच्या संस्थेचं फुकट मिळतं, पुष्कळ होस्टिंगवाले, म्हणजे साइटला इंटरनेटवर जागा देणारे, ते आपणहून लावून देतात. त्याचे वेगळे हजारो रुपये मागितले तर आधी विचारा, कशाचे?

रोज किती जण साइटवर आले हा आकडा मी आता बघतच नाही. किती जणांनी पैसे भरायच्या पानापर्यंत येऊन डबा तिथेच सोडला, ते बघते. एकदा असं लक्षात आलं की बाहेरदेशी राहणारी मुलं इथल्या आईवडिलांसाठी फराळ मागवायला येतात आणि तिथेच अडतात, कारण आमच्या पेमेंट गेटवेवर, म्हणजे साइटवर पैसे घेणाऱ्या सेवेवर, परदेशी कार्ड चालू करून घेतलेलंच नव्हतं. केवढी माणसं परत गेली असतील. अर्ज केला, कागद दिले, सुरू झालं.

वहिनींना मी एवढंच म्हटलं, आजच बघा: डोमेनच्या खात्यात तुम्हाला स्वतःला लॉगिन करता येतं का? ईमेल आणि मोबाइल नंबर तुमचा आहे का? रात्री त्यांचा फोन आला. "ताई, सगळं त्याच्याच नावावर आहे हो. पण त्याचे निम्मे पैसे द्यायचे राहिलेत."

म्हटलं, "मग उद्या सकाळीच जा. खातं तुमच्या नावावर झालेलं डोळ्यांनी बघा, आणि मगच उरलेले पैसे द्या."