शूर्पणखेचं नाक आणि मयत मदरबोर्ड

मी सबटायटलं करते असं सांगितलं की समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर आधी थोडा आदर उमटतो आणि लगेच प्रश्न येतो, "पण ते आता आपोआप येतं ना?" येतं तर. आपोआप आलेल्या सबटायटलात आमच्या बुवांच्या 'विठ्ठल रखुमाई'चं 'बिट्टू रुका माई' झालं होतं. हा बिट्टू कोण आणि माईंना का थांबवतोय, हे कळायला पुढचं कीर्तन ऐकावं लागलं असतं.

काम पंचवटीतल्या एका ट्रस्टचं होतं. २०२७ चा सिंहस्थ जवळ येतोय म्हटल्यावर नाशकात ज्याला त्याला आपलं काहीतरी इंग्रजीत करून हवं आहे. ट्रस्टला नारदीय कीर्तनांची मालिका दोन भाषांत हवी होती. परदेशातल्या नातवंडांसाठी इंग्रजी अक्षरं, आणि पहिल्या रांगेत बसूनही ज्यांना काही ऐकू येत नाही त्या आजोबांसाठी मराठी. कल्पना सुंदर, मानधन ठीकठाक, चहा उत्तम.

आमच्या धंद्याचे काही नियम आहेत. इंग्रजी सबटायटलची एक ओळ साधारण ४२ अक्षरांची, एका वेळी दोनच ओळी, आणि एक सबटायटल पडद्यावर फार तर सात सेकंद. वाचणाऱ्याच्या डोळ्यांना उसंत मिळावी म्हणून हे सगळं. बुवांना मात्र हे कुणी सांगितलेलं नाही. ते एका दमात आर्या, तिचा अर्थ, त्यावर दृष्टांत आणि मोबाइल वाजलेल्या गृहस्थांना टोला असं सगळं उरकतात.

हे काम फुकटातल्या सॉफ्टवेअरवरही छान होतं. 'सबटायटल एडिट' आहे, 'एजिसब' आहे. दोन्ही मुक्त, कुणीही उतरवून घ्यावं, कुणी काही विचारत नाही. पण मला जास्तीचं काम देणाऱ्या मुंबईच्या एका संस्थेला एका विशिष्ट विकतच्या सॉफ्टवेअरमधलीच फाइल लागते. म्हणून तेही रीतसर घेतलं होतं. पावतीवर परवाना 'कायमचा' असं लिहिलं होतं. कायमचा म्हणजे कुणाच्या आयुष्यापुरता, हे बारीक अक्षरांत होतं.

ते आयुष्य मदरबोर्डचं होतं.

पावसाळ्याच्या तोंडाशी वीज कडाडली, दिवे दोनदा गेले-आले आणि संगणक जो झोपला तो उठलाच नाही. एमजी रोडवरच्या दुरुस्तीवाल्या दादांनी त्याचं पोट उघडून हुंगलं आणि म्हणाले, "ताई, बोर्ड गेला." नवा बोर्ड बसला. बाकी सगळं होतं तसंच राहिलं. तीच डिस्क, तोच पडदा, 'ळ' उमटवायला दोनदा दाबावा लागणारा तोच कळफलक. सॉफ्टवेअरने मात्र मला ओळखच दाखवली नाही. "हा परवाना दुसऱ्या संगणकावर वापरात आहे. कृपया आधी त्या संगणकावरून तो काढून घ्या." दुसरा संगणक म्हणजे हाच, मरायच्या आधीचा.

त्यामागची रीत अशी. परवाना पहिल्यांदा चालू करताना सॉफ्टवेअर गुपचूप घराची झडती घेतं. मदरबोर्डचा क्रमांक, डिस्कचा क्रमांक, नेटवर्क कार्डाचा पत्ता असं काय काय गोळा करून त्यातून एकच ओळखक्रमांक तयार करतं आणि तो कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन बसतो. पुढे प्रत्येक वेळी ताळा होतो. जुळलं तर या बसा. नाही जुळलं तर तुम्ही परके. यात पैसे कुणी भरले, पावती कुणाच्या नावावर आहे, याचा काही संबंध नाही.

आप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, यात नवल वाटलं नाही. आप्पा नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झाले. १९२८ पासून जिथे नोटा छापतात त्या करन्सी नोट प्रेसमध्ये त्यांची हयात गेली, आणि आता ती हयात दर नोव्हेंबरात सिद्ध करावी लागते. मागे एकदा यंत्राने त्यांचं बोट नाकारलं होतं. आयुष्यभर कागद हाताळून रेषाच झिजलेल्या. आप्पा खुर्चीत बसलेत, मोठ्याने बोलतायत, चहात साखर कमी आहे म्हणतायत, आणि यंत्र म्हणतंय हा माणूस आढळत नाही. "तुझ्या संगणकाला हयातीचा दाखला लागतोय," ते म्हणाले. "माझ्या वेळी शेवटी तोंड दाखवून काम झालं. ह्याला तोंड आहे का बघ."

तोंड नव्हतं, मदत कक्ष होता. मेल केली की एक तिकीट क्रमांक मिळतो, तो रेल्वेच्या पीएनआरपेक्षा लांब असतो आणि त्यावर कुठेही जाता येत नाही. उत्तर आपल्या मध्यरात्री येतं. खाली सही करणारा दर वेळी निराळा, त्यामुळे मदरबोर्डाच्या निधनाची वार्ता प्रत्येकाला नव्याने द्यावी लागते. एकाने संगणक बंद करून चालू करायला सांगितला. एकाने फायरवॉल काढायला सांगितली. एकाने सॉफ्टवेअर काढून परत टाकायला सांगितलं, आणि त्यात मी सवयीने बसवलेली सगळी बटणं उडाली. मग एका विद्वानाने लिहिलं की जुना संगणक चालू करून तिथे 'परवाना रद्द करा' हे बटण दाबावं आणि त्या पडद्याचा फोटो पाठवावा. मेलेल्याने स्वतः येऊन वारसाच्या नावावर सही करावी, एवढीच माफक अपेक्षा.

दरम्यान सॉफ्टवेअर चाचणी अवस्थेत गेलं होतं. चाचणी अवस्था म्हणजे फक्त पहिली दहा मिनिटं बाहेर काढता येतात आणि त्यावर आडवं, धुरकट, कंपनीचं नाव येतं. नारदीय कीर्तनात दहा मिनिटांत काय होतं? नमन होतं. पूर्वरंगाची पहिली ओळ लागते न लागते तोच आमची अक्षरं संपायची. आणि ते धुरकट नाव नेमकं बुवांच्या कपाळी, गंधाच्या वर.

वरच्या मजल्यावरचा इंजिनिअरिंगचा मुलगा जिन्यात भेटला. "काकू, एवढं काय, क्रॅक देतो ना! माझ्याकडे तेच आहे. एकदा टाकलं की विचारत नाही काही." खरंच विचारत नाही. त्याने त्याच काळात संगणक बदलला, डिस्क बदलली, खोलीसुद्धा बदलली, आणि त्याचं सॉफ्टवेअर सुरळीत चालू. रोज उठून प्रामाणिकपणाचा पुरावा मागतात तो पैसे भरणाऱ्याकडे. ज्याने भरलेच नाहीत त्याची चौकशी करायला कुणाला वेळ आहे? सगळे माझ्या चौकशीत गुंतलेले.

मोह झाला नाही असं नाही, पण आप्पा आड आले. "ज्या घरात नोटेचा सुरक्षा धागा उजेडात धरून बघितल्याशिवाय दूधवाल्याला पैसे दिले नाहीत, त्या घरात नकली माल?" मग त्यांनी माझा अस्सल परवाना बघायला मागितला. मी मेल दाखवली. त्यांनी चष्मा वर-खाली केला. "जलचिन्ह कुठंय?" नाही. "सही?" नाही. "नुसती पंचवीस अक्षरं? ही तर कुणीही टाइप करेल." त्यांच्या आवाजात दुःख होतं. कागद न बघता माणसाला परका ठरवतात, आणि कागद बघावा तर तो हा असा.

इथून पुढे प्रकरण आप्पांनी हातात घेतलं. ते एमजी रोडला गेले आणि दुरुस्तीवाल्या दादांच्या लेटरहेडवर मजकूर घेऊन आले: "दाखला देण्यात येतो की, सदर मदरबोर्ड विजेच्या धक्क्याने मयत झाला असून तो पूर्ववत सुरू होण्याची शक्यता नाही. करिता दाखला दिला असे." खाली गोल शिक्का आणि शिक्क्यावर अर्धी चढलेली सही. सही अर्धी शिक्क्यावर यायलाच हवी हा आप्पांचा आग्रह, नुसत्या सहीला दादा तयार होते. मी इंग्रजी भाषांतर जोडून तो पाठवला. त्या मध्यरात्री कक्षाचं उत्तर आलं: तुमच्या हानीबद्दल आम्हाला वाईट वाटतं, जुनी नोंद काढून टाकली आहे. आप्पांनी ती मेल छापून फाइलला लावली.

परवाना मिळाला, मी मराठी सबटायटलांची फाइल उघडली आणि पडद्यावर मराठीचं एक अक्षर नाही. सगळीकडे डोक्यावर तिरपी काडी घेतलेले रोमन 'ए' आणि त्यांच्यामागे चित्रविचित्र खुणा. आप्पा पाठीमागे उभे होतेच. "सूनबाई, हे परकीय चलन घरात कुठून आलं?"

मला वाटलं थट्टा करतायत. पण प्रेसच्या माणसाची नजर ती. यूटीएफ-८ नावाच्या रीतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन तुकड्यांत साठवतात. पहिला तुकडा सगळ्यांचा एकच. दुसरा दोनांपैकी एक. तिसरा ज्याचा त्याचा. सॉफ्टवेअरला ही रीत सांगितली नाही तर ते तिन्ही तुकडे युरोपातली तीन वेगळी अक्षरं समजून छापत सुटतं. पहिल्या तुकड्याचा होतो काडीवाला 'ए'. दुसऱ्याचं होतं एक छोटं गोल, चार कोपऱ्यांना चार टोकं असलेलं. हे म्हणे चलनाचं सर्वसाधारण चिन्ह, कुठल्याच देशाचं नसलेलं. किंवा मग होतो चक्क जपानी येन. अ पासून ह पर्यंत सगळी मूळ अक्षरं, काना आणि पहिली वेलांटी त्या बिनदेशाच्या चलनात. दुसरी वेलांटी, उकार, मात्रा आणि जोडाक्षरात लपलेला पाय मोडलेला हलन्त येनमध्ये. आप्पांनी पेन्सिल घेऊन हिशोबच मांडला. 'विठ्ठल'ला एकच येन पडतो, 'ज्ञानेश्वर'ला तीन. "संस्कृत महागच जाणार," ते म्हणाले आणि समाधानाने वामकुक्षीला गेले. नव्याने टाकलेल्या सॉफ्टवेअरला कुठली रीत वापरायची हे सेटिंगमध्ये सांगितल्यावर फाइल मराठीत आली. जोडाक्षरं मोडून पडली होती ती फॉन्ट बदलल्यावर सांधली गेली. ते किरकोळ.

एवढं झाल्यावर ट्रस्टच्या सभागृहात मोठ्या पडद्यावर पहिलं कीर्तन लावलं. आख्यान पंचवटीचंच, लक्ष्मण आणि शूर्पणखा. ज्या नाकावरून आपल्या गावाला नाव पडलं असं आम्ही सगळेच मानतो, त्या नाकाची गोष्ट. सुरुवात ठाकठीक झाली. मग अक्षरं हळूहळू बुवांच्या पुढे निघाली. आधी शब्दाने, मग वाक्याने. आख्यान तासाभराने ऐन रंगात आलं तेव्हा बुवांची शूर्पणखा अजून नटूनथटून पर्णकुटीच्या दारात येत होती, आणि खाली तिचं नाक कापून, ती रडत खराकडे निघालीसुद्धा. पहिल्या रांगेतल्या, न ऐकू येणाऱ्या आजोबांनी "अरेरे" केलं. बाकी सभागृह त्यांच्याकडे बघायला लागलं.

पेटीवाले म्हणाले, "स्वर पण उतरलाय. मी काळी चारमध्ये वाजवलं होतं, हे खाली आलंय." तिथे मला उलगडा झाला. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून व्हिडिओ सेकंदाला २५ चित्रांचा. अमेरिकेत १९५३ साली रंगीत टीव्ही आला तेव्हा तिथल्या अभियंत्यांनी सेकंदाच्या ३० चित्रांत हजारात एक भाग एवढी काटछाट केली. त्यांच्या हिशोबात बसवायला सिनेमाची २४ चित्रंही २३.९७६ झाली. व्हिडिओ जुळवणाऱ्या सिडकोतल्या मुलाने शेवटच्या क्षणी माझ्या नकळत तोच आकडा निवडला होता. का? "मॅडम, सिनेमॅटिक दिसतं." त्यामुळे बुवा चार टक्क्यांनी संथ झाले आणि माझी अक्षरं मूळ वेगाने चालत राहिली. तासाला फरक अडीच मिनिटांहून जास्त.

सचिवांनी तोडगा काढला, "ताई, सगळी सबटायटलं अडीच मिनिटं मागे ढकला ना." मग नाकाचं जमलं असतं, पण नमनात बुवा गणपतीला वंदन करत असताना खाली पडदा कोरा राहिला असता. ढकलून भागत नाही, प्रत्येक वेळ त्याच प्रमाणात ताणावी लागते. सॉफ्टवेअरमध्ये त्याला एक बटण आहे. ते दाबलं आणि नाक जागेवर कापलं गेलं.

मग निरोप आला की पेटीवाले नाराज आहेत. बुवा उभे, त्यामुळे ते पूर्ण दिसतात. पेटीवाले आणि तबलजी खाली बसलेले, त्यांच्यावर आख्यानभर दोन ओळी मराठी आणि दोन ओळी इंग्रजी. दादासाहेब फाळके इथलेच, १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मलेले. त्यांच्या मूकपटात मजकुराची पाटी स्वतंत्र यायची, तेवढा वेळ माणसं बाजूला. कुणाच्या अंगावर अक्षर पडायचं नाही. हे मी सचिवांना सांगून बघितलं. ते म्हणाले, तशी पाटी लावायची तर कीर्तन सकाळपर्यंत चालेल.

अक्षरं वर नेली तर तिथे देवाची तसबीर. तिच्या शेजारी देणगीदारांचा फलक. मधोमध बुवांचं उपरणं. सचिवांनी पडदा थांबवला, जवळ जाऊन बराच वेळ निरखला आणि डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"इथे करा ताई. इथे उपाध्यक्षांचं नाव आहे. ते झाकलं गेलं तरी हरकत नाही."