लासलगावला जायचं असेल तर रॅपर लिहू नका

प्रोग्रामरच्या पोटापाण्याचा विचार कोणी करत नाही, म्हणून तो मलाच करावा लागतो. नाशिकच्या कॉलेज रोडवर कॉफी पीत बसलेली हल्लीची पोरं एकमेकांना सांगत असतात, की बाहेरच्या जगाशी बोलणारा कोड एका जागी ठेवा, त्याच्यावर एक पातळ रॅपर, म्हणजे मधला थर, चढवा आणि उरलेल्या प्रोग्रामला पडद्याचा, डिस्कचा, घड्याळाचा वारासुद्धा लागू देऊ नका. ऐकायला छान वाटतं. पण असं केलं की प्रोग्राम चालतो. आणि प्रोग्राम चालला की तो लिहिणाऱ्याला कुत्रं विचारत नाही.

माझंच बघा. गेली तीन वर्षं एका कांदा व्यापाऱ्याचं कमांड लाइनवरचं एक छोटं टूल मी सांभाळतोय. काम एवढंसं. सकाळच्या लिलावाची फाइल वाचायची, उन्हाळ, लाल आणि गोल्टी (बारका कांदा) वेगळी करायची, क्विंटलला भाव लावायचा, हमाली-तोलाई धरायची आणि हिशोबपट्टी काढायची. एवढ्याशा कामावर मी दर पंधरा दिवसांनी निफाडमार्गे लासलगावला जातो. जाण्या-येण्याचं भाडं मिळतं, दिवाणजी चहा पाजतात आणि परतताना डिकीत कांद्याची गोणी पडते. आमच्या घरात तीन वर्षांत कांदा विकत आणलेला नाही. भाव शंभरावर गेला तेव्हासुद्धा नाही. हे सुख तुम्हालाही लाभावं म्हणून हा लेखनप्रपंच.

सुरुवात प्रिंटपासून करा. हिशोब करणाऱ्या फंक्शनच्या, म्हणजे कोडच्या तुकड्याच्या, पोटातच प्रिंट (पडद्यावर छापायची आज्ञा) लिहायचं. एक नाही, जागोजागी. अर्धी बेरीज झाली की प्रिंट, हमाली धरली की प्रिंट. फंक्शनने हिशोब करून उत्तर परत द्यावं आणि छापायचं काम दुसऱ्याने करावं, हा विचार मनात आणू नका. किंवा कुठे छापायचं ते बाहेरून सांगावं, म्हणजे खऱ्या कामात पडदा आणि टेस्टमध्ये (कोड तपासणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये) स्ट्रिंगआयओ नावाची मेमरीतली नकली फाइल, असलंही काही नको. कारण मग टेस्ट त्यातली स्ट्रिंग, म्हणजे छापलेला मजकूर, उचलते, अपेक्षित पट्टीशी ताडून बघते आणि चूक असेल तर ओरडते. डोळ्यांनी बघायला माणूसच लागत नाही. इथे तो माणूस म्हणजे तुम्ही आहात, हे विसरू नका.

चुकीचे संदेशही त्याच प्रिंटने छापा. यंत्रणेने चुकांसाठी स्टँडर्ड एरर नावाची वेगळी वाट ठेवलेली आहे, पण तिकडे फिरकू नका. आमच्याकडे एकदा गावांच्या यादीची फाइल जागेवर नव्हती. टूलने इमानेइतबारे तसं छापलं आणि दिवाणजींनी नेहमीप्रमाणे सगळं आउटपुट पट्टीच्या फाइलमध्ये वळवलेलं होतं. त्या दिवशी 'फाइल सापडली नाही' नावाच्या शेतकऱ्याने बावीस क्विंटल गोल्टी विकली. शिवाय मी प्रोग्राम संपवताना शून्य परत करत होतो. शून्य म्हणजे सगळं आलबेल. त्यामुळे त्याच्या पुढची स्क्रिप्टही निर्धास्तपणे पुढे गेली आणि त्या गृहस्थाच्या नावे पैसे काढायची यादी तयार झाली. दिवाणजी दुपारपर्यंत ते आडनाव कुठल्या गावचं, हे शोधत होते.

रंगांचीही हौस करा. भाव पडला की लाल, चढला की हिरवा. टर्मिनलवर, म्हणजे कमांडच्या काळ्या खिडकीत, फार देखणं दिसतं. समोर खरंच टर्मिनल आहे की आउटपुट फाइलमध्ये चाललंय, हे इझअॅटी नावाच्या एका फंक्शनला विचारता येतं, पण आपण कशाला विचारायचं? फाइलमध्ये रंग जात नाही, रंगाचा कोड जातो. छापलेल्या पट्टीवर प्रत्येक पडलेल्या भावाआधी चौकोनी कंस, ३१ आणि एक एम. दिवाणजींनी फोन केला, "भाऊ, हे एकतीस काय वाढीव हमालीचे का?" मी म्हणालो, येऊन बघतो. एक गोणी.

आता एनकोडिंग, म्हणजे कुठलं अक्षर फाइलमध्ये कोणत्या बाइटांनी लिहायचं ते. हा विषय इतका रसाळ आहे, की यावर एका कुटुंबाचं वर्षभर भागेल. यूटीएफ-८ या एनकोडिंगमध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. 'कांदा' म्हणजे डोळ्यांना दोन अक्षरं, युनिकोडच्या हिशोबाने पाच चिन्हं आणि फाइलमध्ये पंधरा बाइट. पट्टीचे रकाने सरळ यावेत म्हणून यातलं नेमकं काय मोजायचं, हे प्रत्येक फाइलमध्ये वेगळं ठरवा. रकाने नागमोडी आले की ती कलाकुसर म्हणून खपवता येते. पण खरी मेजवानी पुढे आहे. विंडोजच्या कन्सोलवर, म्हणजे त्याच काळ्या खिडकीत, पायथॉन (माझ्या टूलची भाषा) ३.६ पासून मराठी बिनबोभाट पाठवतं. तेच आउटपुट फाइलमध्ये वळवलं, की ते मशिनचं जुनं कोड पेज, म्हणजे अक्षरांचा जुना तक्ता, धरून बसतं. आपल्याकडच्या इंग्रजी विंडोजवर ते बहुधा १२५२ असतं आणि त्यात 'क' नावाचं अक्षरच नाही. म्हणजे पडद्यावर कांदा आहे आणि फाइलकडे वळला, की 'चारमॅप'च्या नावाने एक लांबलचक शिवी देऊन प्रोग्राम आडवा. माझ्या लिनक्सच्या लॅपटॉपवर हे कधीच होत नाही. त्यामुळे "माझ्याकडे चालतंय" हे वाक्य मी डोळ्याला डोळा भिडवून म्हणू शकतो. फाइल उघडताना आणि आउटपुट सुरू करताना एनकोडिंग एकाच ठिकाणी, त्या रॅपरमध्ये, स्पष्ट लिहिलं असतं तर हा उत्पन्नाचा झरा पहिल्याच दिवशी आटला असता. पायथॉनवाल्यांनी ३.१५ पासून यूटीएफ-८ हेच गृहीत धरायचं ठरवलंय. वाईट दिवस येताहेत. तेवढ्यात कमवून घ्या.

फायलींचे पत्ते हाताने जोडा. मधली रेघ सरळ की उलटी, ते त्या दिवशीच्या मूडवर ठेवा. ती उलटी रेघ कुठून आली, तर डॉसच्या पहिल्या आवृत्तीत फोल्डरच नव्हते आणि सरळ रेघ कमांडच्या पर्यायांसाठी वापरून टाकलेली होती. १९८३ मध्ये दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले तेव्हा उरलेली रेघ त्यांच्या वाट्याला आली. चाळीस वर्षांपूर्वी झालेली ही वाटणी, आणि आपण अजून तिच्यावर कांदे खातोय. मी तर प्रत्येक तालुक्याच्या मालाला इंग्रजी तीन अक्षरांचं फोल्डर ठेवलं होतं. निफाड, येवला, चांदवड, सगळे सुरळीत. एक दिवस पारनेरहून एक पिकअप आली. पारनेर म्हणजे पीआरएन. दिवाणजींच्या विंडोज १० वर या नावाचं फोल्डर बनत नाही, कारण डॉसच्या जमान्यापासून ते नाव प्रिंटरसाठी राखून ठेवलंय. पिकअपवाला दोन तास ताटकळला. मी पोचलो तेव्हा तो मला जे बोलला, ते कोणत्याही एनकोडिंगमध्ये इथे देता येणार नाही.

आणि हो, पट्टी आधी तात्पुरत्या नावाने लिहून मग रिनेम करत असाल तर पायथॉनचं साधं रिनेम वापरा, रिप्लेस नको. लिनक्सवर जुनी फाइल गुपचूप बदलते. विंडोजवर त्या नावाची फाइल आधीच असली की रिनेम नकार देतं. म्हणजे पहिल्या दिवशी चालतं, दुसऱ्या दिवशी नाही. डेमो नेहमी पहिल्या दिवशी असतो.

घड्याळालाही थेट हात घाला. हिशोबाच्या मध्येच 'आज तारीख काय' असं मशिनला विचारायचं. तारीख बाहेरून द्यायची नाही. टेस्ट चालतात तो भाड्याचा सर्व्हर बहुतेक वेळा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, असतो, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. म्हणजे रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळात नाशिकमध्ये मंगळवार उजाडलेला असतो आणि सर्व्हरवर सोमवार रेंगाळत असतो. या वेळात काही टेस्ट पडतात आणि सकाळी चहाच्या वेळी चालवल्या की आपोआप पास होतात. अशा टेस्टला आमच्या ऑफिसात 'अंगात येणारी टेस्ट' म्हणतात. तिच्यावर कोणी उपाय करत नाही, नुसतं परत चालवतात.

इथवर सगळं व्यवस्थित चाललं होतं. मग आमच्याकडे सिन्नरची एक मुलगी कामाला लागली.

तिने माझं टूल वाचलं. (हीच पहिली चूक. दुसऱ्याचा कोड वाचणं आमच्याकडे बेअदबी समजतात.) दुसऱ्या दिवशी तिने चार फंक्शनांचा एक इंटरफेस मांडला: वाच, लिही, चूक सांग, आत्ता किती वाजले. बस. हिशोबाचा सगळा कोड या चौघांशीच बोलणार. खऱ्या कामात त्यांच्यामागे डिस्क, पडदा आणि घड्याळ. टेस्टमध्ये त्यांच्यामागे एक साधी डिक्शनरी (मेमरीतली नावांची यादी), एक स्ट्रिंग आणि 'कायम सकाळचे दहा' सांगणारं गोठवलेलं घड्याळ.

मी तिला समोर बसवून समजावलं. म्हटलं, बाळ, हे नाशिक आहे. नाशिक रोडला १९२८ पासून नोटा छापल्या जातात. खऱ्या नोटांच्या गावात तू नकली डिस्क वापरतेस? नकली घड्याळ? उद्या म्हणशील नकली कांदे. आणि ज्याला एक तोंड डिस्ककडे आणि दुसरं टेस्टकडे, अशा दुतोंड्या वस्तूवर विश्वास कोणी ठेवायचा?

ती म्हणाली, "सर, रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुती आहे ना. पाणी त्याच्या कमरेला लागलं की गळ्याला, ते बघून अख्ख्या गावाला पुराचा अंदाज येतो. त्यासाठी कोणी गोदावरीत उडी मारत नाही."

मी विषय बदलला आणि तिला मंकीपॅच सुचवला. हा माझा आवडता मध्यममार्ग. कोडला हात लावायचा नाही, टेस्ट चालू असताना खरं फंक्शन काढून तिथे दुसरं ठेवायचं. वणीच्या गडावर माकड हातातलं नारळ कधी घेऊन गेलं ते कळत नाही, तसं. फक्त ज्या फाइलने जे नाव आयात केलंय, ते त्याच फाइलमध्ये पॅच करावं लागतं. मूळ ठिकाणी पॅच केलं तर माकड भलत्याच माणसाचं नारळ पळवतं आणि टेस्ट खऱ्या डिस्कवर खुशाल लिहून मोकळी होते. माझ्या प्रत्येक टेस्टवर असे नऊ पॅच आहेत. त्या वाचून पट्टी कशी निघते ते कळत नाही, पण माकडं मोजता येतात. तिला हा मार्ग रुचला नाही.

मग मी उलट्या बाजूने गेलो, हा डाव तुम्हीही लक्षात ठेवा. रॅपर टाळता येत नसेल तर तो इतका जाड करा की आतलं काही दिसू नये. वाचण्यासाठी एक क्लास, तो बनवणारा दुसरा, तो बनवणाऱ्याची निवड करणारा तिसरा. उद्या डिस्कऐवजी कबुतराने फाइल आणायची झाली तर सोय असावी, असं मीटिंगमध्ये म्हणायचं. आणि नकली डिस्क एकदम सज्जन ठेवायची. ती कधी भरत नाही, कधी नकार देत नाही, तिच्यावर कधी अँटिव्हायरस बसत नाही. खरे दिवाणजी कालची पट्टी एक्सेलमध्ये उघडी ठेवून जेवायला जातात आणि विंडोज त्या फाइलवर लिहू देत नाही. सज्जन डिस्कला असले दिवाणजी माहीत नसतात. म्हणून टेस्ट सगळ्या हिरव्या आणि लासलगाव लाल. मला हे फार आवडतं, कारण यात मेहनतही दिसते आणि गोणीही चुकत नाही.

पोरीने तिथेही पाणी फिरवलं. नकली डिस्क आणि खरा तात्पुरता फोल्डर, दोघांना तिने एकच टेस्टचा संच लावला. दोघं सारखं वागले नाहीत की नकलीला दुरुस्त करायचं. तोच संच लिनक्स, मॅक आणि विंडोज तिन्हीकडे चालवला. 'फाइल दुसऱ्याने उघडून ठेवलीय' हाही एक प्रसंग नकलीला शिकवला आणि त्या टेस्टचं नाव ठेवलं, 'दिवाणजी जेवायला गेले'. हिशोबाच्या दोनशे टेस्ट एका सेकंदाच्या आत संपतात. माझा चहा तोवर बशीतसुद्धा ओतलेला नसतो. ती रोज संध्याकाळी सहाला घरी जाते. या वयात ही सवय बरी नव्हे, असं मी तिच्या वार्षिक मूल्यांकनात लिहिलं आहे.

सुदैवाने तिची आवृत्ती अजून व्यापाऱ्याकडे गेलेली नाही. ती मंजूर करायची फाइल माझ्या टेबलावर आहे आणि मी ती अत्यंत बारकाईने वाचतोय. मार्चपासून.

परवा पुन्हा बोलावणं आलं. पट्टी निघत नव्हती, तोच चारमॅप. मी काळ्या खिडकीत सेट कमांडने पायथॉनला यूटीएफ-८ वापरायला सांगितलं आणि पट्टी निघाली. सेट कमांडचं सगळ्यात मोठं सौंदर्य हे की ती खिडकी बंद केली की ते सेटिंगही जातं. कायमचं करायला दुसरी कमांड आहे, पण घाई कशाला? दिवाणजींनी चहा मागवला, खिडकीच्या कोपऱ्यातल्या फुलीवर माउस नेला आणि क्षणभर माझ्याकडे बघितलं.

"बंद करू ना भाऊ?"

"करा की."

"मग पुढच्या मंगळवारसाठी उन्हाळ काढून ठेवतो. गोल्टी लवकर सडते."