लस वाडीवर पोचेपर्यंत 'पाणी' होत नाही

'जंगलपट्ट्यातल्या बंधूभगिनींनो, सावध व्हा' अशा सुरुवातीचा एक लांबलचक मेसेज पाटण, जावळी आणि शिराळा तालुक्यांतल्या ग्रुपवर फिरतोय. गेल्या आठवड्यात तो चुलतीच्या फोनवर आला आणि तिने नातवाचा सोळा महिन्यांचा डोस थांबवायला लावला. म्हणून हे उत्तर.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: कोयना-चांदोलीच्या जंगलाला लागून राहणाऱ्यांची प्रतिकारशक्तीच वेगळी, त्यांना कोरोना झालाच नाही. कोरोनाची लस घेतलेल्या तरण्या पोरांना आता अटॅक येतायत. बाळांच्या लसी त्याच कंपनीच्या, तेव्हा त्याही बंद करा. तशीही लस वाडीवर येईपर्यंत गरम होऊन तिचं पाणी झालेलं असतं. लसीनंतर ताप येतो, म्हणजे ती विषारी. आणि कुत्रं चावलं तरी सुई नको, गुळवेलीचा काढा द्या.

आधी 'पाणी' झालेल्या लसीचं बघू, कारण आयांच्या मनात हेच बसतं. शंका रास्त आहे. दुपारचं ऊन, घाटाचा रस्ता, कुठे कोयनेचा शिवसागर जलाशय ओलांडायला लाँच आणि पुढे पायवाट. यातून लस टिकते कशी?

टिकते, कारण ती टिकावी म्हणूनच सगळी मांडणी केलेली असते. प्राथमिक आरोग्य केंद्रात लस साध्या फ्रिजमध्ये नसते, ती आयएलआर म्हणजे आइस-लाइन्ड रेफ्रिजरेटरमध्ये असते. वरून उघडणारी ही पेटी, आतल्या भिंतींना बर्फाचं अस्तर. पावसाळ्यात पाटणकडे लाइट जाते तेव्हा हेच अस्तर कामाला येतं. दिवसाच्या चोवीस तासांत आठ तास वीज मिळाली तरी आतलं तापमान २ ते ८ अंशांत राहतं. तापमान रोज सकाळ-संध्याकाळ वहीत लिहायचं असतं, सुट्टीच्या दिवशीही. शिवाय आत बसवलेला सेन्सर तापमान हललं की कर्मचाऱ्याच्या मोबाइलवर इशारा पाठवतो.

लसीकरण सत्राच्या दिवशी लस व्हॅक्सिन कॅरियरमधून निघते, ती निळी, जाड भिंतींची पेटी. तिच्या चार बाजूंना चार आइसपॅक आणि मधे पिशवीत व्हायल, म्हणजे लसीच्या छोट्या बाटल्या. झाकण घट्ट बसवलेलं असेल आणि सारखं उघडलं नाही, तर आतला गारवा बारा तास धरतो. लाँच आणि पायवाट मिळून एवढा वेळ कुठल्याच वाडीला लागत नाही.

मेसेज लिहिणाऱ्याने भीती घातली ती गरम होण्याची. आरोग्यसेविकेला सकाळी जास्त जपावं लागतं ते लस गोठू नये म्हणून. डीप फ्रीझरमधून काढलेला आइसपॅक शून्याच्या कितीतरी खाली असतो. तो तसाच पेटीत टाकला तर त्याला टेकलेली पेंटाव्हॅलेंट (पाच रोगांवरची एकत्र लस), डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) किंवा टीडीची (धनुर्वात, घटसर्प) व्हायल गोठते. या लसींत औषध अॅल्युमिनियमच्या क्षाराच्या बारीक कणांवर धरलेलं असतं. गोठलं की कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात आणि लस निकामी होते, मग पुन्हा वितळली तरी उपयोग नाही. म्हणून आइसपॅक आधी टेबलावर मांडून ठेवतात. त्यांना घाम फुटतो, पृष्ठभागावर पाण्याचे थेंब येतात. कानाजवळ हलवला की आत पाणी खळखळल्याचा आवाज आला पाहिजे, मगच तो पेटीत जातो. थंडीत याला तासाहून जास्त वेळ लागतो. सेविका सकाळी टेबलापाशी थांबलेली दिसली तर तिला उशीर झाला म्हणून बोलू नका, ती तुमच्या बाळाची लस वाचवत असते.

एवढं करूनही व्हायल गोठल्याचा संशय आला तर शेक टेस्ट करतात. त्याच बॅचची एक व्हायल मुद्दाम गोठवून वितळवायची, संशयित व्हायल तिच्या शेजारी धरून दोन्ही हलवायच्या आणि ठेवून बघायचं. गोठलेल्या व्हायलमधला साका लवकर तळाशी बसतो. संशयित व्हायलही तितक्याच लवकर बसली तर ती फेकायची.

आणि गरम झाली तर? ते तुम्ही स्वतः बघू शकता. व्हायलवर एक छोटा गोल असतो, त्याच्या आत चौकोन. त्याला व्हीव्हीएम म्हणतात. चौकोन गोलापेक्षा फिकट असेल तर लस चांगली. उष्णता लागत गेली की चौकोन गडद होत जातो आणि एकदा गडद झाला की परत फिकट होत नाही. चौकोन गोलाइतका किंवा त्याहून गडद दिसला तर ती व्हायल वापरायची नाही. गोवर-रुबेलाच्या व्हायलवर ही खूण झाकणापाशी असते आणि उघडताना निघून जाते. त्यामुळे बघायचं ते उघडण्याआधी. 'ताई, जरा व्हायल दाखवा' म्हणायला संकोच नको. चांगली सेविका आनंदाने दाखवते.

इथे एक कबूल केलं पाहिजे, आणि ते मला सुखाने करता येत नाही. लस हाताळण्यात चूक झाली तर घात होतो. जानेवारी २०२२ मध्ये शेजारच्या बेळगाव जिल्ह्यात, रामदुर्ग तालुक्यात, गोवर-रुबेलाच्या लसीनंतर तीन बाळं दगावली. लस साठवण्यात आणि हाताळण्यात चूक झाल्याचं प्राथमिक चौकशीत पुढे आलं. मेसेजमध्ये या घटनेचा नुसता उल्लेख आहे, कारण गाळलंय, आणि कारणच तर महत्त्वाचं आहे. ही लस कोरड्या भुकटीच्या रूपात येते आणि सोबतच्या द्रावणात मिसळावी लागते. जंतू रोखणारं औषध तिच्यात नसतं. मिसळल्यापासून चार तासांत वापरली नाही तर ती टाकलीच पाहिजे, कारण पुढे तिच्यात जंतू वाढून त्यांचं विष तयार होऊ शकतं. उरलेली उद्यासाठी ठेवायची नाही, भले व्हायलमध्ये चार बाळांचे डोस शिल्लक असोत. द्रावणही त्याच लसीसोबत आलेलं आणि थंडच हवं.

म्हणून सत्रात गेलात की तीन गोष्टी बघा. व्हायलवर उघडल्याची वेळ लिहिली आहे का. सिरिंज तुमच्यासमोर पाकिटातून काढली का. ती ऑटो-डिसेबल असते, एकदा दाबली की दांडा अडकतो आणि पुन्हा भरता येत नाही. आणि टोचल्यावर सुई तिथेच हब कटरने कापली का. यातलं एक जरी चुकताना दिसलं तर थांबवा, वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन करा. हे जागरूकपणाचं लक्षण आहे. लसच न घेणं हा त्यावर उपाय नव्हे.

आता 'त्याच कंपनीच्या लसी'. अर्धं खरं आहे: कोव्हिशिल्ड पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवली आणि गोवर-रुबेलाची लसही सीरम बनवते. पण कंपनी एक म्हणजे लस एक, असं होत नाही. कोव्हिशिल्डमध्ये सर्दीच्या एका विषाणूचा निरुपद्रवी केलेला सांगाडा वापरला होता. गोवरच्या लसीत गोवराचाच कमजोर केलेला विषाणू असतो आणि ती सीरमने कोरोनाच्या कितीतरी आधीपासून बनवली आहे. आज तिशीत असलेल्या आयांनी लहानपणी गोवराची लस घेतलेली असते, म्हणूनच गोवराने दगावलेलं मूल त्यांनी पाहिलेलं नसतं.

गोवर गेला असं समजून चालणाऱ्यांनी २०२२ ची अखेर आठवावी. कोरोनाच्या काळात सत्रं बंद पडली, डोस चुकले, आणि त्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुंबईत गोवंडीकडे, भिवंडीत, मालेगावात गोवर उसळला. मुलं गेली. सरकारला डिसेंबरात खास मोहीम काढावी लागली. पाटण-जावळीच्या घराघरातून माणसं मुंबईत माथाडी कामाला आहेत. गणपतीला आणि गावच्या जत्रेला ती मुलाबाळांसह येतात. गोवराचा रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू हवेत दोन तासांपर्यंत राहतो, आणि एका रुग्णापासून लस न घेतलेल्या बारा ते अठरा जणांना लागण होऊ शकते. वीस घरांच्या वाडीत चार मुलांचे डोस चुकलेले असतील तर जत्रेचे दोन दिवस पुरेसे आहेत. वर न्यूमोनिया झाला तर रात्री लाँच मिळत नाही.

अटॅकचं. एखाद्याचं तरणंताठं पोर गेलं की कारण शोधणं साहजिक आहे आणि त्या घरांबद्दल मला मेसेजवाल्यासारखं सहज बोलवत नाही. पण याच प्रश्नावर आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) देशातल्या ४७ रुग्णालयांतून अभ्यास केला आणि तो २०२३ मध्ये त्यांच्या संशोधन-पत्रिकेत छापून आला. १८ ते ४५ वयाचे, आधी धडधाकट असलेले आणि ऑक्टोबर २०२१ ते मार्च २०२३ दरम्यान अचानक गेलेले ७२९ जण त्यात होते. त्यांची तुलना त्याच वयाच्या, त्याच परिसरातल्या २,९१६ जणांशी केली. लसीमुळे धोका वाढल्याचं आढळलं नाही. उलट दोन डोस घेतलेल्यांत असा मृत्यू कमी दिसला. धोका वाढवणाऱ्या गोष्टी वेगळ्याच निघाल्या: कोरोनाने रुग्णालयात दाखल झालेलं असणं, घरात आधी कुणाचा असा अचानक मृत्यू, आणि मृत्यूच्या आधीच्या दोन दिवसांत भरमसाट दारू किंवा एकदम जोराची मेहनत. पोरांना सांगायचं तर हे सांगा.

कोव्हिशिल्डने क्वचित रक्तात गुठळ्या होतात, हे खरं आहे. हीच लस बाहेर विकणाऱ्या अॅस्ट्राझेनेकाने ते ब्रिटनच्या न्यायालयात मान्यही केलं. पण तो त्रास लसीनंतरच्या काही आठवड्यांत होतो. २०२१ मध्ये घेतलेल्या डोसाची गुठळी आज होत नाही.

'जंगलातल्या माणसांना कोरोना झाला नाही' हे तर डोळ्यांदेखत खोटं आहे. मार्च २०२० मध्ये इस्लामपुरात साखळी सुरू झाली, तिथून शिराळा कितीसं लांब? दुसऱ्या लाटेत राज्यात इतरत्र आकडे उतरत असताना सातारा-सांगलीत ते उतरत नव्हते. सुरुवातीला आडवाटेच्या वाड्या वाचल्या त्या वाट बंद होती म्हणून, रक्त वेगळं म्हणून नाही. जंगलाचं म्हणाल तर मे २०२१ मध्ये हैदराबादच्या प्राणिसंग्रहालयातल्या आठ सिंहांना कोरोना झाला होता. वाघांवर लक्ष ठेवा, अशी सूचना व्याघ्र प्राधिकरणाने एप्रिल २०२० मध्येच राज्यांना दिली होती. वाघसिंहांना जे जंगलाने दिलं नाही ते आपल्याला कुठून देणार? आजही साठीपुढच्यांनी, दमा-मधुमेहवाल्यांनी खोकला-ताप आला तर गर्दी टाळावी, मास्क लावावा आणि दम लागला तर वाट न बघता दवाखाना गाठावा.

तापाबद्दल. पेंटा किंवा डीपीटीनंतर एक-दोन दिवस ताप येतो, टोचलेली जागा दुखते. गोवर-रुबेलानंतरचा हलका ताप किंवा पुरळ सातव्या ते बाराव्या दिवसाच्या सुमारास येतो, कारण कमजोर विषाणूला शरीरात थोडं वाढायला तेवढे दिवस लागतात. पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे दहा किलोच्या बाळाला १५० मिलिग्रॅम. पण बाटल्या वेगवेगळ्या ताकदीच्या येतात. काहींत पाच मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असतं, काहींत २५०. लेबल वाचल्याशिवाय चमचा भरू नका, कळलं नाही तर आशाताईंना विचारा. टोचलेल्या जागी हळद, तेल, शेक काही नको. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसायचं, कारण क्वचित येणारी मोठी अॅलर्जी याच वेळात दिसते आणि तिच्यावरचं इंजेक्शन सेविकेच्या किटमध्ये असतं.

राहिला गुळवेलीचा काढा. तो रोज पिऊन यकृत बिघडलेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत. पण कुत्रं चावल्यावर काढा देणं म्हणजे जीव घालवणं. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस वाचत नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पुरती पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. मिरची, चुना, तेल लावू नका. घाईने टाके घालून घेऊ नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. कातडीत द्यायची लस पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. पहिल्या दिवसाला शून्य धरून मोजा. रक्त आलेलं असेल तर पहिल्याच भेटीत जखमेत अँटीसिरमही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) हवं, ते मागून घ्या. कोल्हा, रानमांजर, बिबट्या, कुठलंही जंगली जनावर चावलं किंवा ओरबाडलं तर जखम लहान दिसली तरी ती सर्वांत गंभीर गटातलीच धरतात.

आणि ज्या घरांत या मेसेजमुळे डोस थांबलाय त्यांच्यासाठी: गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि डीपीटीचा बूस्टर १६ ते २४ महिन्यांत द्यायचा असतो. तारीख उलटली म्हणून मागचं वाया जात नाही, पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. गोवर-रुबेलाचा राहिलेला डोस पाच वर्षांपर्यंत देतात. कार्ड हरवलं असलं तरी जा, सेविकेच्या नोंदवहीत बाळाचं नाव असतं.